भर समुद्रात थांबण्याची विद्या

तृतीय वर्ष कला (भूगोल)

खानदेशातील विद्यार्थ्याने शिडाच्या होडीविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. जळगाव काय किंवा धुळे काय, कोणत्याच गावाच्या गच्चीवरून समुद्र दिसत नाही. आपली पाण्याशी ओळख मेहरूणच्या तलावाची, पांझरेच्या पुराची आणि पाटाच्या पाण्याची. तरीही आपली तापी भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा ही गावे मागे टाकून सुरतेखाली समुद्राला मिळते, आणि सुरत बंदरात उतरलेला माल कित्येक शतके खानदेशाच्याच वाटेने बऱ्हाणपूर व आग्र्याकडे जात असे. भूगोलाच्या विद्यार्थ्याला तर वारा आणि पाणी हे विषय परके मानण्याची सवलतच नाही.

याच सुरतेत १९२७ साली मनोहर प्रल्हाद आवटी यांचा जन्म झाला. १९७१ च्या युद्धात 'कामोर्टा' या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले हे व्हाइस अ‍ॅडमिरल निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहिले. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. त्यातून 'सागर परिक्रमा' उभी राहिली. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फूट लांबीची 'म्हादेई' बांधली गेली, आणि १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाऊन या चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये ते परतले. त्याच होडीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली.

या सफरींची वर्णने वाचताना आपल्यासारख्या जमिनीवरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो साधाच. एकटा माणूस झोपतो केव्हा? नेहमीच्या वाऱ्यात याचे उत्तर सोपे आहे. वाऱ्याच्या दिशेवर चालणारे किंवा विजेवर चालणारे स्वयंचलित सुकाणू होडीला वाटेवर ठेवते व माणूस तुकड्या-तुकड्यांनी झोप काढतो. पण वादळ आले, सुकाणूचे यंत्र बिघडले, शीड फाटले, ताप भरला, तर काय? बैलगाडी थांबवून चाकाखाली दगड लावता येतो. एस.टी.चा ड्रायव्हर ब्रेक दाबतो. होडीला ब्रेक नसतो. नांगर टाकावा म्हटले तर खाली चार-चार हजार मीटर पाणी. अशा ठिकाणी होडी थांबवण्याची एक जुनी युक्ती आहे. इंग्रज खलाशी तिला 'हीव्ह टू' म्हणतात. मी या लेखापुरते तिला 'ठाण धरणे' म्हणेन. या युक्तीची गंमत अशी की, त्यात शिडे उतरवायची नसतात. ती उभी ठेवूनच होडी थांबवायची असते.

शिडे उतरवली तर काय होते?

सर्वसाधारण समजूत अशी असते की वादळात शिडे उतरवली म्हणजे वाऱ्याला धरायला काही उरत नाही व होडी सुरक्षित होते. हे अर्धेच खरे आहे. शिडे उतरलेली होडी हळूहळू फिरते आणि लाटांना आडवी पडते. ओंडका नदीत कसा वाहतो ते आपण पाहिलेले आहेच. शिडांचा दाब होता तोवर होडी एका बाजूला कललेली पण स्थिर होती. तो दाब गेल्यावर ती घड्याळाच्या लंबकासारखी इकडून तिकडे झोके खाऊ लागते. आतल्या माणसाला धड उभे राहता येत नाही, चूल पेटवता येत नाही. हे नुसते गैरसोयीचे म्हणून सोडून देता आले असते. धोका पुढे आहे. लाट जोपर्यंत नुसती वरखाली होते तोपर्यंत ती कितीही उंच असली तरी होडी बुचासारखी तिच्यावर चढते आणि उतरते. पण लाटेचा माथा फुटून कोसळू लागला म्हणजे ते टनावारी पाणी वेगाने आडवे येते, आणि आडव्या होडीची पूर्ण लांबी त्याच्या समोर असते. इंग्लंडात साउदॅम्प्टन येथे होड्यांच्या प्रतिकृतींवर यासंबंधी प्रयोग झाले. होडीच्या लांबीच्या सुमारे साठ टक्के उंचीची फुटणारी लाट आडवी लागली, तर जवळजवळ कोणतीही होडी उलटते असे त्यांत दिसले. ३२ फुटी होडीला म्हणजे १९ फूट उंचीची एक लाट पुरते. दक्षिण महासागरात अशा लाटा नित्याच्या आहेत.

तेव्हा थांबायचे खरे, पण आडवे पडून नव्हे. होडीचे पुढचे टोक, ज्याला कोळी नाळ म्हणतात, ते लाटांकडे तिरपे रोखून थांबायचे.

दोन बैलांचे जू

समजा होडीला एकच डोलकाठी आहे. डोलकाठीच्या मागे मोठे शीड, पुढे छोटे त्रिकोणी शीड. या पुढच्या शिडाला जिब म्हणतात. नेहमी दोन्ही शिडे एकाच बाजूला फुगतात व होडीला पुढे नेतात. तरीही त्यांच्या ओढीत एक भेद असतो. पुढचे शीड नाळेला वाऱ्यापासून दूर लोटू पाहते आणि मागचे शीड होडीचा मागचा भाग लोटून नाळेला वाऱ्याकडे वळवू पाहते. गाडी वळवताना आपण एका अंगाचा बैल थोपवतो व दुसऱ्या अंगाचा हाकतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट निराळी समजावण्याची गरज नाही. दोन्ही बैल सारखे ओढतात तेव्हा गाडी सरळ जाते; एकाने उलट ओढ घेतली तर जू फिरते; आणि दोघांच्या उलटसुलट ओढी नेमक्या जुळल्या तर गाडी जागच्या जागी कुरकुरत उभी राहते. ठाण धरणे म्हणजे ही तिसरी अवस्था मुद्दाम घडवून आणणे.

कृती अशी. वारा डावीकडून येत आहे, दोन्ही शिडे उजवीकडे आहेत आणि होडी शक्य तितकी वाऱ्याकडे तोंड करून चालली आहे, असे समजू. वाऱ्याच्या जोराप्रमाणे शिडे आधीच लहान करून घेतलेली असावीत. पुढच्या शिडाचा दोर उजव्या बाजूला घट्ट ओढून बांधावा. आता नाळ डावीकडे वळवून सावकाश वाऱ्यातून पलीकडे न्यावी. एरवी अशा वेळी खलाशी पुढच्या शिडाचा उजवा दोर सोडतो व डावा ओढतो. येथे तो दोर सोडायचा नाही. सगळी किमया या न सोडण्यात आहे. नाळ वाऱ्यापार गेली की वारा उजवीकडून येऊ लागतो, मोठे शीड आपसूक डावीकडे जाते, पण पुढचे शीड उजवीकडेच अडकून राहते. त्यात वारा आता उलट्या अंगाने भरतो आणि ते नाळेला डावीकडे, म्हणजे वाऱ्यापासून दूर, ढकलू लागते.

होडीचा वेग मरेपर्यंत क्षणभर थांबावे. ही घाई पुष्कळांना नडते, कारण वेग असताना पुढची पायरी केली तर होडी पुन्हा वाऱ्यातून फिरून मूळ बाजूला जाते. वेग ओसरला की सुकाणूची दांडी वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला, म्हणजे डावीकडे, पूर्ण ढकलून दोराने बांधून टाकावी. दांडी डावीकडे म्हणजे सुकाणूचे पाते उजवीकडे, आणि नाळेला हुकूम उजवीकडे, वाऱ्याच्या दिशेने, वळण्याचा. दांडीऐवजी चाक असेल तर ते वाऱ्याच्या बाजूला पूर्ण फिरवून बांधावे. शेवटी मोठ्या शिडाचा दोर थोडा सैल करावा.

आता काय घडते ते पाहण्यासारखे आहे. उलटे भरलेले पुढचे शीड नाळेला वाऱ्यापासून लोटते. ती थोडी लोटली गेली की मोठे शीड भरते, होडी थोडीशी पुढे सरकते, सरकताच सुकाणूला पाणी मिळते आणि ते नाळेला पुन्हा वाऱ्याकडे वळवते. वळताच मोठे शीड रिकामे होऊन फडफडते, वेग जातो, सुकाणूचा जोर संपतो, आणि पुढचे शीड पुन्हा आपले काम सुरू करते. कोणी हात लावायला नको. होडी वाऱ्याशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन धरून, हलकेच मान डोलवत, जवळजवळ जागेवर राहते. मघापर्यंत जो वारा कानात ओरडत होता व पाणी तोंडावर फेकत होता तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. वारा अर्थातच कमी झालेला नसतो. होडीने त्याच्यावर चालून जाणे थांबवलेले असते एवढेच. पण माणसाला चहा करता येतो, ओले कपडे बदलता येतात, आणि मुख्य म्हणजे झोपता येते. एकट्या खलाशाच्या बाबतीत या झोपेचे मोल फार मोठे आहे. समुद्रावरच्या पुष्कळ अपघातांचे मूळ थकलेल्या डोक्याने घेतलेल्या निर्णयात असते.

पाण्यावरची निळी वाट

ठाण धरलेली होडी पूर्ण थांबत नाही. ती ताशी एक ते दोन नॉट वेगाने वाऱ्याबरोबर आडवी सरकत राहते. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. हे सरकणे दोष नसून त्यातच या युक्तीचा दुसरा गुण दडलेला आहे. होडीच्या तळाखाली कणा असतो. होडी पुढे जाते तेव्हा तो पाणी कापतो. आडवी सरकते तेव्हा मात्र तो फळीसारखा पाण्याला अडतो आणि आपल्या मागे, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला, भोवऱ्यांचा एक पट्टा सोडत जातो. तापीच्या पुलाच्या खांबाआड पुराचे पाणी कसे घुसळलेले, पण लाटांवाचून सपाट दिसते, ते आठवावे. तसाच गुळगुळीत पट्टा होडीच्या वाऱ्याकडच्या अंगाला तयार होतो. फुटण्याच्या बेतात आलेली लाट या घुसळलेल्या पाण्यात शिरली की तिचा माथा ढासळतो, आणि ती नुसती फुगून होडीखालून निघून जाते. पूर्वी खलाशी लाटा निवाव्यात म्हणून पाण्यावर तेल सोडत. येथे होडीच आपले तेल आपण सोडते, असे म्हणता येईल.

मात्र अट अशी की होडी या पट्ट्याच्या आडोशाला राहिली पाहिजे. ती थोडी जरी जास्त पुढे सरकू लागली तर पट्टा मागे पडतो व ती उघड्या लाटांत येते. म्हणून ठाण धरल्यावर जाणता खलाशी लागलीच झोपायला जात नाही. तो काही वेळ वाऱ्याकडच्या पाण्याकडे पाहत बसतो. होडी पुढे पळत असेल तर मोठे शीड आणखी सैल करतो किंवा आणखी लहान करतो. नाळ फार दूर लोटली जात असेल तर पुढचे शीड लहान करतो. फार जोराच्या वाऱ्यात पुढचे शीड पूर्णच काढून एका छोट्या जाड वादळी शिडावर ठाण धरतात. लिन व लॅरी पार्डी या प्रसिद्ध दांपत्याने इंजिन नसलेल्या, तीस फुटांहून लहान होड्यांतून जग पालथे घातले. त्यांनी तर शिडाच्या जोडीला नाळेकडून पाण्यात पॅराशूटसारखे कापड सोडून होडीचा कोन पक्का करण्याची रीत सांगितली आणि तिचा हिरिरीने प्रचार केला.

येथे होडीच्या बांध्याचाही प्रश्न येतो. जुन्या घडणीच्या होडीचा कणा लांबच लांब, जवळजवळ नाळेपासून सुकाणूपर्यंत असे. अशी होडी गाईसारखी शांत उभी राहते. अलीकडच्या शर्यतीच्या होड्यांचा कणा माशाच्या परासारखा अरुंद व खोल असतो. त्या वेगाने पळतात, पण ठाण धरायला चंचल. आपली जुनी कोकणी गलबते निराळ्या कारणाने या रीतीला सोयीची नव्हती. तिरक्या काठीवरचे त्यांचे प्रचंड शीड वाऱ्यातून सहज पलीकडे नेता येत नसे. तांडेल वाऱ्याला पाठ देऊन, मोठा फेरा घेऊन बाजू बदलत.

दोर आणि कापड घासण्याकडेही लक्ष ठेवावे लागते. उलटे धरलेले शीड डोलकाठीच्या तारांवर तासन् तास घासले जाते, आणि रात्रभरात चांगले कापड फाटू शकते. घासणाऱ्या जागी जुने कापड वा नळीचा तुकडा गुंडाळतात.

कोकणचा किनारा आणि गणित

आतापर्यंत वाचून कोणाला वाटेल की मग वादळाचे भय उरले कोठे? ठाण धरावे आणि निजावे. येथे भूगोल आडवा येतो.

होडी सरकते हे आपण पाहिले. सरकते ती वारा जाईल तिकडे. मग वारा जिकडे जातो तिकडे किती पाणी मोकळे आहे, हा पहिला प्रश्न. समजा रत्नागिरीपासून ३० सागरी मैलांवर एखाद्या होडीने पावसाळ्यात ठाण धरले. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्राकडून थेट किनाऱ्याकडे वाहतात. दीड नॉट वेगाने सरकत राहिली तर वीस तासांत ती होडी खडकांवर जाईल, आणि मोसमी वाऱ्याचा जोर वीस तासांत ओसरत नाही, तो दिवसेंदिवस टिकतो. दोन नॉट वेग धरून ४८ तास निभावायचे असतील तर होडीखाली ९६ मैल मोकळे पाणी हवे. कोकणचा सारा किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला व पश्चिमेला तोंड करून उभा. चुकवून जायला वाट नाही. हिवाळ्यात हेच चित्र पालटते. सकाळच्या मतलई वाऱ्यात ठाण धरलेली होडी जमिनीपासून दूर सरकेल, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात परत जवळ येईल. दोन्ही वारे सौम्य असल्याने काळजी थोडी.

शाळेत आपण खारे वारे व मतलई वारे पाठ केले ते परीक्षेसाठी. कोकणातल्या तांडेलांना ते पाठ नव्हते, अंगात भिनलेले होते. पावसाचे चार महिने गलबते किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्र उघडायचा, हा रिवाज नुसता धार्मिक मानणे अन्यायाचे होईल. ज्या किनाऱ्यावर ठाण धरायला पाणीच उरत नाही, तेथे वादळाला तोंड देण्याची उत्तम रीत म्हणजे त्या दिवसांत समुद्रावर नसणे. आजही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामागे माशांच्या विणीचे कारण आहे, तसे हेही आहे.

चक्रीवादळात वाऱ्याची बाजू

कोणत्या अंगाने वारा घेऊन ठाण धरावे यालाही नियम आहे, आणि तो आपल्या अभ्यासक्रमातूनच निघतो. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले तर वादळाचे केंद्र आपल्या उजव्या हाताला, किंचित मागे असते. वादळ ज्या दिशेने पुढे जाते त्या दिशेकडे पाहता त्याचा उजवा अर्धा भाग अधिक धोक्याचा, कारण तेथे फिरण्याचा वेग व पुढे जाण्याचा वेग यांची बेरीज होते, आणि वारे जहाजाला वादळाच्या वाटेतच लोटतात.

आता एखाद्या नावाड्याला आपण कोणत्या भागात आहोत हे कसे कळावे? चालत्या होडीवर वाऱ्याची बदलती दिशा फसवी असते, कारण होडीही जागा बदलत असते. म्हणून तो आधी ठाण धरतो आणि होकायंत्र व वायुभारमापक घेऊन पाहत राहतो. वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर आपण उजव्या, धोक्याच्या भागात. उलट फिरत असेल तर डाव्या भागात. फिरतच नसेल आणि वायुभार उतरत असेल तर वादळ सरळ आपल्या अंगावर येत आहे. उजव्या भागात असल्यास वारा उजवीकडून घेऊन ठाण धरायचे. वारा जसजसा फिरतो तसतशी नाळही उजवीकडे वळत जाते आणि आधीच्या वाऱ्याने उठवलेल्या जुन्या लाटांना समोरून सामोरी जाते. वारा डावीकडून घेतला तर नेमके उलट होऊन त्या लाटा होडीच्या कुशीत बसतात. डाव्या भागात असल्यास थांबण्यापेक्षा वारा उजव्या अंगाने मागून घेऊन निघून जाणे बरे. दक्षिण गोलार्धात सारे उजवे-डावे उलटे. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' वादळाचे उरलेसुरले ढग उत्तर महाराष्ट्रावरूनही गेले. तेव्हा चक्रीवादळ ही केवळ कोकणवाल्यांची गोष्ट आहे असे आपणही समजू नये.

एरवी, वादळ नसतानाही, उजवीकडून वारा घेऊन ठाण धरणेच सोयीचे. समुद्रावरील वाहतुकीच्या नियमाप्रमाणे दोन शिडाच्या होड्या समोरासमोर आल्या तर डावीकडून वारा घेणाऱ्या होडीने वाट द्यायची असते. विसावा घेणाऱ्याला तेवढाच आधार. अर्थात आगबोट किंवा तेलवाहू जहाज हे नियम वाचत बसेल या भरवशावर कोणी झोपू नये. दिवा आणि पहारा हवाच.

जेथे ही विद्या अपुरी पडते

ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड व आयर्लंड यांमधील फास्टनेट शर्यतीत ३०३ होड्या वादळात सापडल्या. पंधरा स्पर्धक मृत्युमुखी पडले. चोवीस होड्या माणसांनी सोडून दिल्या, त्यांपैकी पाचच बुडाल्या. बाकीच्या नंतर रिकाम्या तरंगताना सापडल्या, आणि ज्या रबरी तराफ्यांत माणसे उतरली त्यांतले काही मात्र उलटले. या आपत्तीनंतर ठाण धरण्याच्या रीतीकडे शौकिनांचे लक्ष पुन्हा वळले. हलक्या, अरुंद कण्याच्या होड्या बांधण्याच्या नादात ती मागे पडली होती.

तरी ती सर्व रोगांवरचे औषध नव्हे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात एकट्याने, न थांबता जगाला पहिली प्रदक्षिणा घातली. त्यांची ३२ फुटी 'सुहेली' ही आपल्या मुंबईत, देशी सुतारांच्या हातून, सागवानात घडली होती, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. तिचा कणा जुन्या लांब घडणीचा. पण दक्षिण महासागरातल्या मोठ्या वादळांत त्यांनी वाऱ्याला पाठ दिली व होडीच्या मागे लांबलचक जाड दोर पाण्यात सोडून वेग आवरला. याच्या उलट बर्नार मॉयतेसिए या फ्रेंच नावाड्याने पूर्वीच्या एका सफरीत असेच सोडलेले दोर कापून टाकले, कारण वेग हेच आपले संरक्षण आहे असे त्याला दिसून आले. दोघेही जगले. दोघांच्या होड्या निराळ्या, लाटा निराळ्या, आणि हे फार महत्त्वाचे, शेजारी जमीन नव्हती.

'सुहेली'च्याच नकाशावर गोव्यात 'थुरिया' बांधून अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात सुमारे ७० नॉट वारा व १४ मीटर लाटा असलेल्या वादळात होडी उलटून डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. मघाचा साठ टक्क्यांचा हिशेब येथे लावून पाहावा: ३२ फुटी होडी, आणि लाट ४५ फुटांच्या वर. अशा समुद्रात कोणत्या रीतीने वाचलो असतो, ही चर्चा किनाऱ्यावर बसून करणे फारसे शोभत नाही. तेच टॉमी पाठीत धातूच्या पट्ट्या घेऊन पुन्हा त्याच शर्यतीत उतरले व एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

मर्यादा सांगितल्या, पण ही विद्या केवळ वादळासाठी राखून ठेवलेली नाही हेही सांगितले पाहिजे. किंबहुना तिचा रोजचा उपयोग साध्या कामांतच होतो. रात्री अनोळखी बंदरापाशी पोहोचलेल्या होडीने अंधारात आत शिरण्यापेक्षा बाहेर ठाण धरून पहाटेची वाट पाहणे केव्हाही श्रेयस्कर. शीड शिवायचे आहे, इंजिनात शिरलेली हवा काढायची आहे, कोणाला उलट्या होत आहेत, भात शिजवायचा आहे, अशा प्रत्येक वेळी दोन मिनिटांत होडी उभी करता येते. माणूस पाण्यात पडला तर पहिली गोष्ट हीच: नाळ फिरवा, पुढच्या शिडाचा दोर सोडू नका, होडी त्याच्याजवळ थांबेल. एन.सी.सी.च्या नौदल शाखेतील छात्र ज्या एंटरप्राइज जातीच्या छोट्या होड्यांवर शिकतात, त्यांच्यावरही हलक्या वाऱ्यात हे करून पाहता येते. त्यांना जड कणा नसल्यामुळे दोघांच्या अंगाचे वजन वाऱ्याकडे ठेवावे लागते, नाहीतर आंघोळ ठरलेली. सराव करायचा तो अशाच शांत दिवशी, कारण प्रत्येक होडीची ढब निराळी: एकीला शीड सैल लागते, दुसरीला ताठ. ले. कमांडर रूपा ए. व ले. कमांडर दिलना के. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात 'तारिणी'तून जगाची फेरी पूर्ण केली. त्याआधी त्यांनी सरावातच हजारो सागरी मैल घालवले होते.

विसावा संपला, वारा उतरला, की निघायचे कसे? अगदी सोपे. प्रथम दांडीचा दोर सोडून सुकाणू मधोमध आणावे. मग पुढच्या शिडाचा उजवा दोर सोडून डावा ओढावा. शीड फडफडत पलीकडे जाईल व सुलट भरेल. मोठे शीड हळूहळू आत घ्यावे. होडी क्षणभर अडखळते, कलते आणि चालू लागते. निघण्यापूर्वी नकाशावर आपली जागा पुन्हा मांडून घ्यावी: समजा सात तास झोप झाली आणि होडी दीड नॉटने सरकत होती, तर रात्रीच्या खुणेपासून आपण साडेदहा मैल वाऱ्याखाली आहोत.